शब्दचर्चा : चेटकीण, जादूगारीण की मांत्रिक?

प्रश्न : 'स्लेयर्स' या 1995च्या जपानी ॲनिमे चित्रपटाचा परिचय मराठीत लिहिताना मी एका शब्दापाशी अडलो आहे. लीना इन्व्हर्स आणि नागा या त्यातल्या दोन भटक्या नायिका मंत्र म्हणून समोरचे सारे उडवून देतात, आणि लीना तर दरोडेखोरांनाच लुटते. मी 'साहसी चेटकिणी' असे लिहिले, तेव्हा घरातून 'भुताचा सिनेमा आहे का?' अशी विचारणा झाली. 'जादूगारीण' चालेल का?

उत्तर : 'चेटकीण' टाळावा, असे माझे मत आहे. या शब्दात विद्येपेक्षा आरोप अधिक आहे. चेटूक करणारी ती दुसऱ्याचे वाईट करणारीच असते, असे गृहीत धरलेले असते. त्याचाच सख्खा भाऊ असलेला 'डाकीण' हा शब्द सातपुड्यात आजही एखाद्या बाईला गावाबाहेर काढायला पुरतो. विनोदी चित्रपटाच्या नायिकेवर हे ओझे कशाला? 'जादूगारीण' निरुपद्रवी आहे, परंतु 'जादूगार' म्हटले की मराठी माणसाला रंगमंच, टोपी आणि जादूगार रघुवीर आठवतात. खरे तर 'जादू' फारसीतून आला असला, तरी त्याचे मूळ अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातल्या 'यातु'शी (म्हणजे जादूटोण्याशी) आणि पर्यायाने वेदांतल्या 'यातु'शी जुळते. त्यावरूनच 'यातुधानी', म्हणजे यातु करणारी, हा शब्द झाला. महाभारताच्या अनुशासनपर्वातली यातुधानी तळ्याकाठी ऋषींना अडवून त्यांच्या नावांचे अर्थ विचारते, म्हणून शब्दचर्चा करणाऱ्यांनी तरी तिच्याविषयी आदर बाळगायला हवा. पण परिचयलेखात हा शब्द कोणाला कळणार?

मूळ जपानी शब्द पाहिला तर वाट सापडते. लीनाला 'माजो', म्हणजे चेटकीण, म्हणत नाहीत. ती 'मादोशी' आहे. हा शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही लागतो आणि तो व्यवसाय सांगतो. त्यातला 'मा' चिनी लिपीतून जपानीत गेला असला, तरी ते अक्षर बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्या 'मार' या संस्कृत नावासाठी घडवलेले आहे. 'दो' म्हणजे मार्ग आणि 'शी' म्हणजे त्यातला जाणकार. (मराठीतला 'मार'सुद्धा लीनाच्या बाबतीत चुकीचा ठरणार नाही.) तिची विद्या मोठमोठ्या असुरांचे सामर्थ्य मंत्राने आवाहन करून वापरण्याची असल्यामुळे 'मांत्रिक' हाच नेमका शब्द आहे. त्याचे स्त्रीलिंगी रूप घडवण्याची गरज नाही. 'वकील आल्या' म्हणतो तसे 'मांत्रिक आली' म्हणावे.

शंका : 'मांत्रिक' म्हणताच लिंबू, अंगारा आणि भोंदूगिरी डोळ्यांपुढे येते. त्यापेक्षा 'मायाविनी' अधिक शोभून दिसणार नाही का?

उत्तर : शंका रास्त आहे, पण लिंबू-अंगाऱ्याचा वास पुढच्याच वाक्यात उडून जातो. 'मायाविनी' मात्र भुरळ घालते, आणि लीना कोणाला भुरळ घालण्याच्या भानगडीत पडत नाही, ती सरळ स्फोट करते. तोकड्या पोशाखात उभी राहून कानठळ्या बसवणारे हसू हसणाऱ्या नागाला स्वतःला तो शब्द फार आवडला असता, हे मान्य. पण तिचा विनोदच असा की तिला जे वाटते ते इतरांना वाटत नाही.

आपला 'साहसी' मात्र अवश्य ठेवावा. आज साहस म्हणजे धाडस असले, तरी मनुस्मृतीत धन्यासमोर बळजबरीने वस्तू हिरावून घेणे म्हणजे साहस, आणि त्याच्या पाठीमागे नेणे म्हणजे चोरी. लीना दरोडेखोरांचा ऐवज त्यांच्या डोळ्यांदेखत नेते, त्यामुळे 'साहसी मांत्रिक' तिला दोन्ही अर्थांनी लागू पडते.