शब्दचर्चा : जमीन ‘खचते’, ‘बसते’ की ‘फुगते’?

प्रश्न : पर्माफ्रॉस्टच्या प्रदेशातील जमिनीची हालचाल उपग्रहावरील रडारने कशी मोजतात, या विषयावरील मजकूर मी मराठीत आणत आहे. उन्हाळ्यात तिथली जमीन काही सेंटिमीटर खाली जाते आणि हिवाळ्यात पुन्हा वर येते. या खाली जाण्याला मी सर्वत्र ‘खचणे’ असे लिहिले आहे. ते योग्य आहे का? तसेच पर्माफ्रॉस्टला ‘चिरगोठण’ म्हणावे का?

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो. ‘पर्माफ्रॉस्ट’ हा शब्द सीमन मुलर या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९४३ साली रूढ केला. त्यातील ‘पर्मा’ म्हणजे कायमचा, आणि रशियनमधील जुन्या संज्ञेचा अर्थही ‘चिरंतन गोठण’ असाच होता. व्याख्या मात्र इतकी मोठी ग्वाही देत नाही : सलग किमान दोन वर्षे ज्या जमिनीचे तापमान शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी राहते ती पर्माफ्रॉस्ट, मग तिच्यात बर्फ असो वा नसो. म्हणूनच रशियन शास्त्रज्ञ पुढे ‘बहुवार्षिक’ हे विशेषण वापरू लागले. ‘चिर’ हे उपपद मला याच कारणाने खटकते. आपल्याकडे ‘बारमाही’ हा चोख शब्द आहे. बारमाही विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते, पण ती कधीच आटणार नाही असे कोणी मानत नाही. ‘बारमाही गोठलेली जमीन’ म्हटले की नेमका हाच अर्थ पोहोचतो, आणि तिच्यावरच्या, उन्हाळ्यात वितळून हिवाळ्यात पुन्हा गोठणाऱ्या थराला ‘हंगामी थर’ असे सरळ नाव देता येते.

आता ‘खचणे’. विहीर खचते, रस्ता खचतो, माणूस मनाने खचतो. या प्रत्येक वापरात आधार सुटल्याची आणि मूळ स्थिती आपोआप परत न येण्याची छटा आहे. आपण सांगत आहात ती हालचाल तशी नाही. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. ५० सेंमी जाडीच्या हंगामी थरात निम्मी जागा पाण्याने भरलेली असेल, तर केवळ या कारणाने पृष्ठभाग सव्वादोन सेंमी वर उचलला जाऊ शकतो, आणि उन्हाळ्यात तेवढाच खाली येतो. मातीत बर्फाच्या चकत्या धरल्या, तर खालीवर होण्याचे हे प्रमाण आणखी वाढते. अशा परतीच्या हालचालीला मी ‘बसणे’ आणि ‘फुगणे’ म्हणेन. ‘फुगणे’ तर आपल्या काळ्या जमिनीमुळे अंगवळणी पडलेलेच आहे : ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कारण वेगळे असले, तरी क्रियापद तेच.

रडारची पद्धतही हाच भेद मागते. एकाच जागेची दोन वेगवेगळ्या तारखांची निरीक्षणे घेऊन परतलेल्या लहरींच्या कलांमधील (म्हणजे लहर आपल्या आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यातील) फरक काढतात. सेंटिनल-१ या उपग्रहावरील रडारच्या लहरींची तरंगलांबी सुमारे ५.५ सेंमी आहे आणि लहर जाऊन परत येत असल्याने, उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंमी हालचाल झाली की कलेचे एक पूर्ण आवर्तन होते. एकाच वर्षातील जून आणि सप्टेंबरची निरीक्षणे ताडून पाहिली तर प्रामुख्याने ‘बसणे’ दिसते. ‘खचणे’ शोधायचे असेल तर वेगवेगळ्या वर्षांतील, पण वितळण्याच्या त्याच टप्प्यावरील निरीक्षणे एकमेकांशेजारी ठेवावी लागतात. दोन्हींसाठी एकच क्रियापद वापरले, तर दरवर्षी भरून निघणारी घट आणि जमिनीतील जुना बर्फ वितळल्याने झालेली कायमची घट यांतील फरक वाचकाच्या हाती लागत नाही, आणि या संशोधनाचे सारे मोल त्या फरकातच आहे.

पुन्हा प्रश्न : पण भराव बसतो तो पुन्हा वर येत नाही. मग ‘बसणे’ तरी परतीचे कसे? आणि ‘कला’ हा शब्द वाचकाला चंद्राकडे नेणार नाही का?

उत्तर : आपला पहिला आक्षेप मला मान्य आहे. एकटे ‘बसणे’ अपुरे पडते. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘हंगामी बसणे-फुगणे’ अशी जोडी द्यावी आणि नंतर सुटी क्रियापदे वापरावीत. ‘भरती-ओहोटी’ मात्र टाळावी, कारण चंद्र-सूर्याच्या ओढीने घन भूपृष्ठालाही खरीखुरी भरती येते. ‘कला’ निःशंक ठेवावी. चंद्राची कला म्हणजे आवर्तनातील त्याची त्या वेळची अवस्था, लहरीची कला म्हणजेही तेच. चंद्राची आठवण इथे अर्थाला मदतच करते.

नमुन्यादाखल एक वाक्य देतो. अलास्काच्या उत्तर उतारावर १९९२ ते २००० या काळातील रडार-निरीक्षणांवरून निघालेले निष्कर्ष मी असे मांडेन : ‘नद्यांच्या पूरमैदानांच्या तुलनेत तेथील टुंड्रा जमीन वितळण्याच्या हंगामात १ ते ४ सेंमी बसत होती आणि त्याखेरीज दशकाला १ ते ४ सेंमी या गतीने खचत होती.’ आकडे दोन्हीकडे सारखेच असल्याने इथे सारा भार क्रियापदांवर येतो. ‘पूरमैदानांच्या तुलनेत’ हे शब्दही गाळू नयेत, कारण रडारने मिळणारे माप नेहमी कोणत्या तरी स्थिर मानलेल्या जागेच्या संदर्भातले असते.