विषय: प्रॉपर्टी टॅक्स, शाळेची बस आणि मंगळवारची बजेटची सभा

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या जेवणाच्या रांगेत निघालेला विषय तिथेच राहिला, म्हणून लिहिते आहे.

मे महिन्याच्या टॅक्सच्या हप्त्याची स्लिप समोर आहे. न्यू जर्सीत घरामागे सरासरी प्रॉपर्टी टॅक्स २०२४ मध्ये पहिल्यांदाच दहा हजारांच्या वर गेला, १०,०९५ डॉलर. आमचा त्याहून जास्त आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक शाळेकडे जातो. त्याच शाळेने यंदा आमच्या भागाची बस बंद केली. आठवीपर्यंतच्या मुलाचं घर दोन मैलांच्या आत असेल तर बस देण्याचं कायदेशीर बंधन नाही. आमचं घर १.८ मैलांवर. त्या रस्त्याला फुटपाथ निम्म्या वाटेपर्यंतच आहे. पुढे मुलं कडेच्या पांढऱ्या पट्ट्याला धरून चालतात आणि शेजारून ट्रक सुसाट जातात. जानेवारीत बर्फ हटवणाऱ्या गाडीने लोटलेल्या बर्फाचे ढीग नेमके त्या कडेलाच होते. माझी सातवीतली लेक दप्तर पाठीला लावून भर रस्त्यातून चालत होती, हे मी गाडीतून बघितलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

टॅक्स भरायला माझी ना नाही. पण दरवर्षी जास्त भरायचं आणि दरवर्षी काहीतरी कमी मिळायचं, हे किती दिवस?

— सातवीतल्या मुलीची आई

~~~

ताई,

तुमचं पत्र वाचून गलबलून आलं. माझं दुखणं दवाखान्याचं आहे.

आम्ही दोघं मुलाच्या मागे ग्रीन कार्डावर आलो. इथे पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत आम्हाला मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, विकतसुद्धा मिळत नाही. तोवर बाजारातला विमा. त्यावर २०२१ पासून मिळणारी वाढीव सरकारी सवलत २०२५ अखेर संपली आणि जानेवारीचा हप्ता बघून मी मुलाला म्हटलं, आम्ही परत साताऱ्याला जातो. तो काही बोलला नाही. हिचं मनगट मोडलं तेव्हा एका मनगटाची चार बिलं आली : इमर्जन्सी, डॉक्टर, एक्स-रे आणि तो एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं. तीही मुलगाच भरतो आहे, महिन्याच्या हप्त्याने. आम्हाला मत देता येत नाही. मग गाऱ्हाणं मांडायचं कुणाकडे?

— एक आजोबा

~~~

काका, ताई,

शाळेच्या बजेटमागे मी चार वर्षं आहे, म्हणून सांगतो. तुमच्या दोघांचं दुखणं एकाच ठिकाणी मिळतं. टॅक्सच्या वसुलीत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढ नको, असा कायदा २०१० मध्ये झाला. पण कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचा वाढलेला खर्च त्या मर्यादेबाहेर धरता येतो. म्हणजे विमा महागला की टॅक्स वाढतो, आणि तरीही भागत नाही तेव्हा बस जाते, संगीताचा शिक्षक जातो. त्यात राज्याने २०१८ च्या कायद्याने आपल्यासारख्या बऱ्याच गावांच्या शाळांची मदत सात वर्षांत टप्प्याटप्प्याने घटवली. कृपा करून राग शिक्षकांवर काढू नका. त्यांच्याही पगारातून विम्याचा वाटा कापला जातो.

मला सर्वांत जास्त खुपतं ते वेगळंच. पूर्वी शाळेच्या बजेटवर एप्रिलमध्ये गावाचं मतदान व्हायचं. २०१२ च्या बदलानंतर ज्या गावांनी शाळेची निवडणूक नोव्हेंबरमध्ये नेली, तिथे मर्यादेतल्या बजेटवर मतदानच होत नाही. आपलं गाव त्यातलंच. उरली ती एक जाहीर सभा, तीच या मंगळवारी आहे. गेल्या वर्षी त्या सभेला आपल्यातले दोघं होते. दोनशे घरं आहेत आपली इथे!

काका, तिथे बोलायला मतदानाचा हक्क लागत नाही. लोकांना बोलू देणं शाळेच्या बोर्डाला कायद्याने भागच आहे. तीन मिनिटं मिळतात. इंग्रजी अडत असेल तर लिहून आणा, मी शेजारी उभा राहतो.

— मंडळाचा माजी खजिनदार

~~~

दादा, मी येते. त्या रस्त्याचे फोटो छापून आणते, फुटपाथ संपतो तिथपासून शाळेच्या फाटकापर्यंत. काका, सव्वासहाला तुम्हाला आणि काकूंना घ्यायला येईन. गाडीत अजून दोन जागा आहेत, कुणाला हव्या असतील तर आजच कळवा.

— सातवीतल्या मुलीची आई