मार्खा व्हॅली: सात दिवसांत बाजूच्या वाटा किती बसवाव्यात?

गोदाकाठ:
ऑगस्टअखेर मी आणि धाकटी बहीण लडाखमधली मार्खा व्हॅली करतोय. मी ४६, ती ४१. घोडे नाहीत, गाइड नाही. होमस्टेत राहणार, त्यामुळे तंबू नाही आणि सॅक दहा किलोच्या आत. लेहला तीन रात्री काढून झिंगचेनहून चालायला लागायचं. मग रुंबाक, गांदा ला (ला म्हणजे खिंड), स्कियू, मार्खा गाव, हांकर, निमालिंग, कोंगमारू ला आणि शांग सुमदोला गाडी.

याशिवाय चार ठिकाणांवर डोळा आहे: रुंबाकहून स्तोक ला चढून परत, मार्खा गावाच्या पुढची तेचा गोम्पा (बौद्ध मठ), हांकरचा पडका किल्ला आणि निमालिंगहून कांग यात्से शिखराचा बेस कॅम्प. निमालिंगला पोचू त्याच दुपारी बेस कॅम्प उरकला तर एक दिवस वाचेल आणि पँगाँग बसेल. जमेल का? कळसूबाई वर्षातून तीन-चारदा होतं, कात्रज-सिंहगड रात्रीतून दोनदा झालंय. दमाची काळजी नाही.

भटका_४११०३८:
ताई, पँगाँगला लेहहून गाडीने जाऊन-येऊन आख्खा दिवस जातो. त्यासाठी निमालिंगचा दिवस मोडू नका. बाकी जाणकार सांगतीलच.

खिंडवाला:
जाणकार वगैरे नाही, पण हीच चूक मी करून बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१८ ला मी आणि कॉलेजचा मित्र. हांकरहून निघून दुपारी एकला निमालिंग. ऊन छान, कांग यात्से समोर उभा, आणि डोक्यात तुमच्यासारखंच: आत्ताच जाऊन येऊ, उद्या खिंड. दोनला निघालो. पहिला धडा पाण्याने दिला. तिथले ओढे बर्फ वितळून येतात. सकाळी घोट्याइतके असतात ते दुपारी मांडीला लागतात. पलीकडे जायला जागा शोधण्यातच पाऊण तास गेला. वर पोचलो, फोटो काढले, अंधार पडता पडता परत आलो. रात्री मित्राचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या. पहाटे त्याची सॅक मी घेतली आणि खाली निघालो. निमालिंग आणि हांकरच्या मधल्या थाचुंगत्सेच्या खाली आल्यावर तो म्हणाला, "भूक लागलीय." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. खिंड अर्थातच गेली. आल्या वाटेने खोऱ्याच्या तोंडाजवळच्या चिलिंगपर्यंत परत चालत आलो.

यात दमाचा काही संबंध नव्हता. तो माझ्यापेक्षा जास्त तयारीचा, राजगड-तोरणा एका दमात करणारा. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे लेहच्या निम्म्याहूनही कमी. विरळ हवेची सवय सह्याद्री लावत नाही, ती तिथे झोपूनच लागते. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये असं सांगतात. हांकर साधारण चार हजारांवर आणि निमालिंग पावणेपाच हजारांच्या आसपास, म्हणजे ही मर्यादा तिथे आधीच मोडते. त्यावर त्याच दिवशी आणखी तीनशे चढायचं, तेही थकलेल्या अंगाने!

आता तुमच्या यादीबद्दल. स्तोक ला सोडा. पहिल्याच टप्प्यात साडेचार हजारांच्या वर एक खिंड चढून उतरायचं आणि लगेच गांदा ला, हे मला पटत नाही. तेचा गोम्पा चुकवू नका. ती वाटेवरच आहे, फक्त कड्यावर चढावं लागतं. सॅक खाली दगडाआड ठेवा. आम्हाला दार बंद मिळालं, पण ओट्यावरून खालची हिरवी शेतं आणि भोवतीचा उघडा डोंगर दिसतो तेवढ्यानेही चढ वसूल होतो. किल्ला हांकरला मुक्काम असेल तर संध्याकाळी पायाखाली घाला. वरचे दगड सुटे आहेत, पोरकटपणा नको.

हिमगौरी:
खिंडवाल्यांशी सहमत, पण मी गांदा लाही काढून टाकेन. चिलिंगकडून शिरा, पहिली रात्र स्कियू. ते लेहपेक्षा थोडं खालीच आहे, छान झोप लागते. दुसरी मार्खा गाव (लांब टप्पा आहे, लवकर निघा), तिसरी आणि चौथी हांकर. मधल्या दिवशी रिकाम्या सॅकने थाचुंगत्सेकडे चढून परत खाली झोपायला. मग निमालिंगला दोन रात्री आणि सातव्या दिवशी खिंड.

खिंडवाला:
गांदा ला काढायला जीवावर येतं. रुंबाकचा परिसर सुंदर आहे, आणि स्कियूकडून आता गाडीरस्ता आत सरकतोय, सुरुवातीला धुळीतून चालावं लागतं. पण सात दिवसच असतील तर हिमगौरी बरोबर आहेत. एकच बदल: निमालिंगचा जास्तीचा दिवस बेस कॅम्पच्या नावावर आधीच लिहून टाकू नका. सकाळी दोघींची डोकी शांत, आकाश मोकळं, तर सहाला निघा आणि दुपारच्या आत ओढा ओलांडून परत या. एकीचंही डोकं दुखत असेल तर दोघींनी पडून राहायचं. मी २०२२ ला परत गेलो तेव्हा तो दिवस हिमवर्षावात तंबूत गेला. बेस कॅम्प दुसऱ्यांदा झालाच नाही, खिंड मात्र झाली.

ओढ्यांसाठी पट्ट्याच्या सँडल न्या. कोंगमारू लाच्या पलीकडच्या घळीतही पाणी पुन्हा पुन्हा ओलांडावं लागतं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार. चिलिंगकडूनच जातोय, हांकर दोन रात्री, निमालिंग दोन. पँगाँग काढलं. बहिणीला सांगितलं तर म्हणाली, पँगाँग तुलाच हवं होतं, मी कधी म्हटलं?

खिंडवाला, एकच राहिलं: हांकरच्या होमस्टेत दोन रात्री राहिलं तर दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण मिळतं का, की बरोबर काही न्यावं?

खिंडवाला:
मिळतं, सकाळी सांगून ठेवा. स्क्यू म्हणून कणकेच्या तुकड्यांचा रस्सा करतात, साधारण आपल्या वरणफळांसारखा. लोणचं मात्र घरून न्या.