घोट्याच्या प्रश्नावलीवर भरवसा किती?

घोटा दुखावला की कोणती कामं किती जमतात हे प्रश्नावलीत पेशंटलाच विचारतात. पेशंटच स्वतःला मार्क देणार मग भरवसा काय, असं बरेच जण विचारतात, पण ते तपासता येतं की, घोटा आहे तसाच असताना तीच प्रश्नावली थोड्या दिवसांनी परत भरून घ्यायची आणि दोन्ही स्कोअर किती जुळतात बघायचं. फाम (FAAM) या पाय-घोट्याच्या प्रश्नावलीत रोजच्या कामांचे २१ आणि खेळाचे ८ प्रश्न असतात, घोटा तसाच असतानाही स्कोअर थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून चार-पाच टक्के वाढला की लगेच बरं वाटतंय असं धरू नका. आमच्या साताऱ्यात यवतेश्वर घाट पळणारी पोरं खेळाचा भाग नीट भरतात हो, पण शेतात राबणाऱ्या मावशींचं काय, सोबत आलेला मुलगाच अंदाजाने टिक करतो, खरी गडबड तिथं होते! प्रश्न मराठीत वाचून दाखवा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून घ्या.