सुपाऱ्या सांभाळून हिंसाविरोधी पथनाट्य कसं चालू ठेवायचं? (खान्देश)

हलगी_पारोळा
नमस्कार मंडळी. आमचा नऊ जणांचा संच आहे. कार्तिकापासून वैशाखापर्यंत यात्रा-लग्नांच्या सुपाऱ्या, म्हणजे पैसे घेऊन ठरलेले कार्यक्रम, असतात, घर त्यावरच चालतं. त्यासोबत घरगुती मारहाणीवर अहिराणीत पथनाट्य करतो. 25 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर या बायांवरच्या हिंसेविरोधातल्या सोळा दिवसांच्या मोहिमेत संस्था बोलावतात आणि ऐन तेव्हाच सुपाऱ्या येतात. शिवाय प्रयोग संपला की बायाबापड्या जवळ येऊन घरातलं सांगायला लागतात. कलाकाराने तिथे किती करावं?

तापीकाठ
त्या सोळा दिवसांवर सगळी भिस्त ठेवू नका भाऊ. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा त्याच्याच आगेमागे येते, ती सोडणं परवडत नाही. संस्थांना दुपारची वेळ द्या आणि एकाच तालुक्यातली लागून असलेली गावं मागा, म्हणजे गाडीभाडं वाचतं.

पथनाट्याचा खरा हंगाम श्रावणात. सुपाऱ्या नसतात आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (आपल्याकडची देवी) बसते तेव्हा बाया एकत्र जमलेल्याच असतात. त्याहून मोलाची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी आलेल्या असतात, दुपारी झोक्यापाशी सासरचं कोणी नसतं. त्या वेळी ऐकलेलं बाईच्या मनात राहतं, कारण ती मान वळवून कोण बघतंय ते तपासत नसते. रात्रीची सुपारी तरीही करता येते.

आणि फुकट प्रयोग करू नका. मानधन, प्रवास, जेवण लेखी घ्या, इसार आधी घ्या. पैसा नसला की पहिला ढोलकीवाला दुसऱ्या फडात जातो आणि पथनाट्य तिथेच थांबतं. यात्रेच्या रात्री हा विषय घ्यायचा असेल तर बतावणीत (वगाआधीच्या विनोदी संवादात) पाच-सात मिनिटं घ्या; पण सुपारी ठरवतानाच आयोजकाला सांगा. आयत्या वेळी घुसवलं तर बिदागी अडते.

अंगण_धुळे
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ऐकून घ्या, मदतीचा नंबर द्या, मदत करणाऱ्यांशी जोडून द्या. सल्ला देऊ नका, नवऱ्याला समजवायला तर मुळीच जाऊ नका. तुमची गाडी गेल्यावर त्याचा राग तिच्यावरच निघतो.

प्रत्येक प्रयोगाला सोबत एक बाई अशी ठेवा जी नाटकात काम करत नाही. तोंडाला रंग लावलेला, धापा टाकणारा नट हे काम करू शकत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. ते घटनेचा अहवाल नमुना 1 मध्ये भरतात. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातो आणि पहिली तारीख साधारण 3 दिवसांत लागायला हवी. राहायला जागा नसेल तर हिंसा सोसणाऱ्या बायांसाठीच्या सरकारी सखी वन स्टॉप सेंटरमध्ये 5 दिवसांपर्यंत सोय होते. मोफत वकिलासाठी 15100, जीवावर बेतलं असेल तर 112. प्रयोगाच्या आदल्या दिवशीच संरक्षण अधिकाऱ्याला गाव आणि वेळ कळवून ठेवा.

ऐकलेली हकिगत पुढच्या प्रयोगात वापरू नका. नाव बदललं तरी तालुक्यात ओळख पटते. लैंगिक अत्याचाराची घटना असेल तर पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे.

वगनाट्य_चाळीसगाव
संहितेकडेही बघा. दारुड्या नवरा सोंगाड्याला (विनोदी नटाला) दिला की लोक मारहाणीवर हसतात. सोंगाड्याच्या प्रत्येक हालचालीवर हसायची आपल्या प्रेक्षकाला सवय आहे, त्यात प्रेक्षकाचा दोष नाही. सोंगाड्याला शेजारी करा, ‘त्यांच्या घरातलं आहे, आपल्याला काय’ म्हणणारा. मग हसू बरोबर जागी पडतं. नवरा शुद्धीतला, चारचौघांत गोड बोलणारा दाखवा. नाहीतर दारू सुटली की मार सुटेल असा अर्थ निघतो. हात उगारला की तिथेच हलगीचा ताल तोडा, चार मात्रा पूर्ण शांतता. प्रत्यक्ष मार दाखवू नका, समोर मार खाल्लेली बाई बसलेली असते. एकूण 25 मिनिटांवर जाऊ नका.

आणि संचातल्या गायिकांचं काय? दौलतजादाच्या वेळी (प्रेक्षक बक्षिसाचे पैसे देतात तेव्हा) कोणी हात धरला तर कार्यक्रम थांबेल, हे सुपारीच्या कागदावर लिहून घ्या. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या संचाला लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागत नाही, पण तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे गायिकांना माहीत हवं.

हलगी_पारोळा
हे फार कामाचं आहे. पण नवरा, सासू समोरच बसलेले असतील तर तिला नंबर द्यायचा कसा?

अंगण_धुळे
एकटीला देऊ नका. चिठ्ठी घरात सापडते. महिला हेल्पलाइन 181, तीनच आकडे आहेत, गाण्याच्या ध्रुपदात (पालुपदात) सहज बसतात. तीनदा म्हणा, शेवटच्या वेळी पोरांकडून म्हणवून घ्या. पोरं घरी जाऊन तेच गात बसतात, आणि तिने तो कुठून ऐकला हे कोणी विचारत नाही.