स्यूडोमोनास देऊनही गाजर का सडतं?
स्यूडोमोनास फ्लुरोसन्स (मुळांना बुरशीपासून जपणारे उपयोगी जिवाणू) देऊनही गाजर सडतंय, अशी तक्रार असेल तर आधी सांगा: कधी दिलंत? हे जिवाणू लागलेला रोग बरा करत नाहीत, मुळाभोवतीची जागा बुरशीच्या आधी अडवतात. म्हणून पेरणीलाच हवेत. भुकटी किलोभर बियाण्याला 10 ग्रॅम चोळून सावलीत सुकवा. जमिनीत हेक्टरी 2.5 किलो, 50 किलो कुजलेल्या ओलसर शेणखतात मिसळून. त्याच सुमारास कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांबंयुक्त बुरशीनाशक) किंवा स्ट्रेप्टोमायसिन (जिवाणू मारणारं प्रतिजैविक) यांची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं) झाली असेल, तर खर्च वाया. त्यात हेच जिवाणू मरतात. पाकिटाची तारीखही बघा. स्यूडोमोनास बीजाणू (तग धरणारं कठीण कवचाचं रूप) करत नाही, उन्हात पडलेलं पाकीट संपलंच (अशा साठवणीत बॅसिलस सबटिलिस हा बीजाणू करणारा दुसरा उपयोगी जिवाणू जास्त टिकतो). सड बुळबुळीत, दुर्गंधीची असेल तर मात्र आधी पाण्याचा निचरा.