हिब्रूत वेळ सांगताना अडतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी इस्रायलमध्ये अश्दोदला एका आजींची देखभाल करते. अक्षरं वाचता येतात, बाजारहाटापुरतं बोलताही येतं. अडतं ते वेळेपाशी. आजींची औषधं घड्याळावर चालतात, म्हणून हे लवकर पक्कं करायचंय.

वार जमले. रविवार योम रिशोन, म्हणजे पहिला दिवस. असं मोजत शुक्रवार योम शिशी, मग शब्बात. दवाखान्याच्या चिठ्ठीवर मात्र नुसतं अक्षर असतं: बेत म्हणजे सोमवार, गिमेल म्हणजे मंगळवार. शनिवारी रात्री यायला सांगायचं तर 'मोत्साए शब्बात' म्हणतात.

'दोन'साठी वेगळं रूप आहे. शाआ एक तास, शआतायिम दोन तास, पण तीन तास शालोश शाओत. तसंच योमायिम (दोन दिवस), श्वुआयिम (दोन आठवडे), खोदशायिम (दोन महिने), श्नातायिम (दोन वर्षं). शाळेत संस्कृत घेतलेल्यांना द्विवचन चटकन कळेल. गोळ्यांच्या बाबतीत हेच कामाला येतं: 'पआमायिम बेयोम' दिवसातून दोनदा, 'कोल श्मोने शाओत' दर आठ तासांनी.

आता खरी अडचण. साडेपाच 'खामेश वाखेत्सी', पावणेसहा 'रेवा लेशेश', इथवर ठीक. तासाचे आकडे स्त्रीलिंगी, हेही कळलं. मिनिटाला 'दाका' म्हणतात, तोही शब्द स्त्रीलिंगी, म्हणून दहा मिनिटं 'एसेर दाकोत'. पण पाच वाजून दहा मिनिटांना सगळे 'खामेश वाआसारा' म्हणतात आणि सहाला पाच कमी असतील तर 'खामिशा लेशेश'. 'दाकोत' गाळलं की आकडा पुल्लिंगी का होतो? यामागे काही नियम आहे, की हे तसंच पाठ करायचं?

दुसरं, 'परवा'. येणाऱ्या परवाला मोखोरातायिम. गेलेल्या परवाला पुस्तकात शिल्शोम आहे, पण माझ्या कानावर 'लिफ्ने योमायिम'च पडतं. डॉक्टरांशी बोलताना तेच वापरलं तर चालेल ना?

अश्दोदमध्ये बेने इस्रायल (महाराष्ट्रातून आलेले ज्यू) मंडळी बरीच आहेत आणि त्यांच्यातले जुने लोक मराठी बोलतात. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, किंवा कोणाच्या ओळखीचं असेल, तर कृपया कळवा. फोनवर अपॉइंटमेंट देणारी माणसं 16:40 ही वेळ 'एस्रिम लेखामेश' (पाचला वीस कमी) अशी भरभर म्हणून टाकतात. अशा दहा-पंधरा वेळा त्याच वेगात बोलून रेकॉर्ड करून पाठवल्या, तर रोज ऐकून सराव करीन.